आठव्या दिवसाचा नेम

कल्याण, ता. १० जानेवारी १८८३

तीर्थरूप आक्काच्या पायांवर त्रिंबकचं डोकं.

काल निळज्याहून परतलो तेव्हा तुझं पत्र आलेलं होतं. नातवाचं उष्टावण येत्या मंगळवारी ठरलं हे वाचून बरं वाटलं. मला मात्र येता येणार नाही. मंगळवार निळज्याचा आठवा दिवस आहे.

तू दर वेळी विचारतेस की हे आठव्या दिवसाचं प्रकरण काय, आणि दर वेळी मी घाईत असतो. आज सवड आहे म्हणून लिहितो. एका गावात मुलांच्या दंडावर देवी टोचल्या की आठव्या दिवशी तिथं फोड चांगला भरतो. त्यातली ताजी लस घेऊन त्याच दिवशी पुढच्या गावच्या मुलांना टोचायची. आधी गेलं तर फोड कच्चा, उशिरा गेलं तर लस बिघडलेली. दिवस चुकला की मुंबईहून काचेत भरून लस मागवावी लागते, आणि ती उन्हातून येता येता निम्मी निकामी होते. एका मुलाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर, असं हे सबंध तालुकाभर चालतं. हे काम हाती घेतल्याला अकरा हंगाम झाले. साखळी माझ्या हातून एकदाही तुटलेली नाही.

दुसरीही गोष्ट आहे. पहिल्या वर्षी लोक मला बघून पोरं भाताच्या कणगीमागे लपवत. आता निळज्याची माणसं म्हणतात, हा येतो म्हणाला की येतो. एवढ्यावर ती पोर माझ्या हाती देतात. औषधावर त्यांचा विश्वास आहे असं मला वाटत नाही. दिवसावर आहे.

आता बाळाचं. ते सहा महिन्यांचं झालं. ठाण्यात देवी टोचणारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडून टोचून घे. खेड्यात मी एका घरी एकदाच समजावून सांगतो. आई नाही म्हणाली तर रामराम करून पुढं जातो. मागे लागत नाही, सरकारचा धाक घालत नाही. तुझ्या घरालाही तोच कायदा. एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

राघोला आणि द्वारकेला आशीर्वाद.

त्रिंबक


ठाणे, ता. १९ जानेवारी १८८३

चिरंजीव त्रिंबक यास आक्काचे उदंड आशीर्वाद.

उष्टावण नीट पार पडलं. बाळाचं नाव गणू आहे हे तुझ्या लक्षात तरी आहे का, पत्रात नुसतं बाळ बाळ लिहितोस. खिरीचा पहिला घास त्यानं थुंकला, दुसरा गिळला आणि तिसऱ्याला वाटीच ओढली. राघोनं कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. टेंभी नाक्यापासून तळ्यापर्यंतची सगळी नात्याची माणसं आली. तू नव्हतास. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, माझ्या लग्नात माझ्या पदराला धरून बसला होतास. तेव्हा कुठला आठवा दिवस नव्हता. रागानं लिहीत नाही, खरं ते लिहिते.

देवी टोचण्याचं वाचलं. आमच्या घरात जावळ होईपर्यंत मुलाच्या अंगाला लोखंड लागू देत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. सासूबाईंनी पाळलं. मी माझ्या चौघांचं पाळलं. हे वारले त्या वर्षी घरात किती गोष्टी मोडल्या, पण ही मोडली नाही. गणूचं जावळ वैशाखात आहे. मग काय टोचायचं ते टोच. द्वारकेला तिच्या माहेरी मुंबईत चौथ्याच महिन्यात टोचलं होतं म्हणे. तिच्या मनात वेगळं असेल, पण सून सासूपुढं बोलत नाही.

तुझा तुला नेम, माझा मला. वडिलांनीच आपल्याला ही खोड लावली, दोघांनाही सारखीच.

तुझी आक्का


कल्याण, ता. ५ फेब्रुवारी १८८३

तीर्थरूप आक्कास नमस्कार.

गणूचं नाव यापुढं विसरणार नाही. जावळाविषयी लिहिलंस ते वाचलं.

मी मधे चार दिवस हिवतापानं पडलो होतो. त्यातच खोणीचा आठवा दिवस आला. गाडीत घोंगडी पांघरून गेलो. गाडीवान वाटेत दोनदा म्हणाला की परत फिरू. पोचलो तर एक म्हातारी मला बघून आपल्या सुनेला म्हणाली, बघ, हा मरायला टेकलाय तरी आला, आता दे पोर. सुनेनं मुकाट्यानं दिली. अशानं अंगातला ताप उतरतो.

बाकी ठीक. उन्हं तापण्याआधी शीळ आणि काटई उरकायची आहेत. काटईत आजवर कोणी देवी टोचून घेतलेल्या नाहीत. तिथले पाटील काळुराम हे दोन वर्षं नाही म्हणत होते, यंदा कबूल झाले आहेत.

त्रिंबक


ठाणे, रविवार, ता. १८ मार्च १८८३

चि. त्रिंबक यास आशीर्वाद.

तुझं बरेच दिवसांत पत्र नाही. ताप गेला ना? काढा घेत जा.

इकडे शेजारी विमलाबाईंच्या मुलीला देवी आल्या. शुक्रवारपासून अंग तापलं होतं, आज सकाळी तोंडावर आणि हातांवर दाणे दिसले. विमलाबाई धीराच्या आहेत. दाराला कडुलिंब बांधला, आम्ही बायकांनी जाऊन ओटी भरली. आळीत आणखी दोन घरी आल्या आहेत असं ऐकते. ही मुलगी आमच्या गणूला फार खेळवायची. कालसुद्धा दिवे लागेपर्यंत तो तिच्याच मांडीवर होता, तेव्हा नुसता ताप आहे असं वाटलं.

सकाळी शहरातले देवी टोचणारे दारावर आले होते. मी त्यांना परत पाठवलं. वैशाख महिन्या-दीड महिन्यावर आहे, तेवढ्यासाठी मोडायचं नाही. द्वारका दिवसभर रडते आहे, तिला मी सांगितलं की अगं, त्रिंबकला या कामातलं सगळं कळतं. त्याला खरंच घाई वाटली असती तर त्यानं पुन्हा लिहिलं असतं. त्यानं एकदा लिहिलं आणि सोडून दिलं, म्हणजे त्यालाही जावळापर्यंत थांबणं पटलेलं आहे.

तू काळजी करू नकोस. देवीची कृपा आहे.

आक्का


ठाणे, ता. २८ मार्च १८८३

चि. त्रिंबक यास आक्काचे पोटभरून आशीर्वाद.

काल गणूच्या दंडावरचे फोड शहरातल्या गृहस्थांनी येऊन पाहिले. दोन्ही उत्तम धरले म्हणाले. थोडा ताप होता, आज नाही. ज्या गोष्टीची भीती होती ती अजून दिसली नाही, आणि आता बहुतेक दिसणार नाही असं त्यांनी सांगितलं. विमलाबाईंची मुलगी शनिवारी गेली. त्यांच्याकडे बघवत नाही.

त्या मंगळवारी तू घामानं निथळत आलास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला सांगायचं राहिलं, म्हणून लिहिते.

दारात तू, मागं ती शीळची आगऱ्यांची बाई, बायजा, आणि तिच्या कडेवर पोर. शीळपासून मुंब्र्यापर्यंत ती तुझ्याबरोबर उन्हातून चालत आली, मग आगगाडीत बसली, जन्मात पहिल्यांदा. मला पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगू? हिच्या पोराच्या हातातलं आमच्या गणूच्या हातात जाणार. लोखंडाचं नंतर आठवलं. मी दार अडवून उभी राहिले. तू आवाज चढवशील असं वाटलं होतं. तू खालच्या आवाजात म्हणालास, “आक्का, जानेवारीत एकदा सांगून गप्प बसलो ही माझी चूक झाली. आता तू हो म्हणेपर्यंत मी इथून हलत नाही. आज सांगेन, उद्या सांगेन, परवा मात्र सांगून उपयोग नाही, तोवर रोग अंगात रुजेल.”

तरी मी हलले नव्हते. मग बायजा ओट्याखालून म्हणाली की बाई, माझं लेकरू उन्हानं सुकलंय, काय ते लवकर ठरवा, नाहीतर मी पाणी पाजून परत जाते. तिच्या बोलण्यात आर्जव नव्हतं. तिला आमच्याकडून काही नको होतं. ती देत होती आणि मी घ्यावं की नाही याचा विचार करत होते. तेवढ्यात द्वारका माझ्या बाजूनं निघून खाली गेली आणि तिनं गणूला बायजाच्या शेजारी नेऊन बसवलं. मी तिला अडवलं नाही, एवढंच माझं म्हणता येईल.

राघो म्हणतो, मामानं फार मोठं काम केलं. तुझ्या कामात खोळंबा तर झाला नाही ना? त्या दिवशी विचारायचं सुचलं नाही.

आक्का


कल्याण, ता. १२ एप्रिल १८८३

तीर्थरूप आक्कास नमस्कार.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. विमलाबाईंना माझ्याकडून काही सांगावं असं काय आहे, ते मला सुचत नाही.

खोळंबा विशेष झाला नाही. काटईला तीन दिवस उशिरा गेलो. हंगाम आता संपला, कागदपत्रं पुरी करतो आहे. बायजाला तू पाठवलेलं लुगडं पोचतं केलं. ती म्हणाली, रंग बरा आहे.

जावळाला यायचा प्रयत्न करीन.

त्रिंबक


ठाणे, ता. २ जून १८८३

चि. त्रिंबक यास आशीर्वाद.

जावळ झालं, तू आला नाहीस. हंगाम नसताना आला नाहीस म्हणून मला कोडं पडलं होतं. ते काल उलगडलं.

राघोच्या टेबलावर तालुक्याचे कागद आले. त्यानं घरी येऊन सांगितलं की काटईत मेमध्ये सहा मुलांना देवी आल्या. सगळी वाचली, पण एका पोरीच्या डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्यानं तिला आता दिसत नाही. कागदांसोबत तुझी दैनंदिनीही होती. वीस मार्चच्या पुढं तुझ्या हातानं लिहिलेलं आहे, “काटई. गेलो नाही. कारण खाजगी.”

वीस मार्चला तू माझ्या ओट्यावर होतास.

तू मला लिहिलंस, खोळंबा विशेष झाला नाही. सरकारला खरं लिहिलंस आणि मला नाही. काय झालं ते सगळं लिही.

आक्का


कल्याण, ता. ७ जून १८८३

तीर्थरूप आक्कास नमस्कार.

सगळं लिहितो.

तुझं रविवारचं पत्र मला सोमवारी संध्याकाळी मिळालं. मंगळवार शीळचा आठवा दिवस होता, आणि दुपारी तीच लस घेऊन काटईला जायचं होतं. शीळला पहाटेच गेलो. तेरा मुलं तपासली. बायजाच्या मुलाचे फोड सगळ्यांत चांगले होते. ठरल्याप्रमाणे तीच मुलाला घेऊन काटईला यायची होती. ठाण्याच्या गृहस्थांकडे ताजी लस उरली असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी तिला म्हणालो, काटईला नाही, ठाण्याला चल. ती म्हणाली, काटईचं काय? मी म्हणालो, काटई नंतर.

काळुराम पाटलांनी चौदा आया मारुतीच्या देवळाशी बसवून ठेवल्या होत्या. दोन वर्षं नाही म्हणणारा माणूस, त्यानं घरोघर जाऊन सांगितलं होतं की हा दिवस चुकवत नाही. त्या दिवे लागेपर्यंत बसल्या. निरोप पाठवायला मला शीळमध्ये माणूस मिळाला असता. मला सुचलं नाही. गाडी चुकेल एवढंच डोक्यात होतं.

मुंबईहून काचेतली लस यायला शुक्रवार उजाडला, ती घेऊन गेलो. चौदांपैकी पाचजणी आल्या. उन्हानं लस मेलेली, पाचांपैकी दोघांनाच धरली. नऊ घरी मी स्वतः गेलो. एकेका दारात एकदा सांगितलं, त्या नाही म्हणाल्या, पुढं गेलो. आवडाबाई म्हणून एक आहे, तिनं तर मला येताना बघूनच दार लावलं. तिला बाहेरून एकदा सांगितलं. आतून म्हणाली, आता नको. डोळा गेला तो तिच्या मुलीचा. मुलगी दोन वर्षांची आहे.

तुला लिहिलं नाही, कारण गणूच्या दंडाकडे बघताना तुला हे आठवावं असं मला वाटलं नाही. ते तरी माझ्याकडे राहू द्यावं, असा विचार केला.

आता बरेच दिवस एकच गोष्ट मनात घोळते. माझे दोन नेम होते. आठवा दिवस चुकवायचा नाही, हा एक. एकदाच सांगायचं, हा दुसरा. पहिला मुलांसाठी होता. दुसरा माझ्यासाठी होता. कोणी दोनदा नाही म्हणालं तर अपमान होतो, म्हणून मी एकदाच विचारत होतो आणि त्याला सभ्यपणा म्हणत होतो. जानेवारीत तुला दुसरं पत्र लिहिलं असतं, तिसरं लिहिलं असतं, फेब्रुवारीत एखाद्या रविवारी येऊन तुझ्याशी भांडलो असतो, तर मार्चमध्ये काटईच्या बायका बसून राहिल्या नसत्या. दुसरा नेम वेळेवर मोडला नाही म्हणून पहिला मोडावा लागला.

गणूसाठी आलो याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा येईन. पण काटईच्या वाटेनं मला जाववत नाही.

त्रिंबक


काटई, ता. २२ नोव्हेंबर १८८३

चि. त्रिंबक यास आक्काचे आशीर्वाद.

पावसाळाभर तुला पत्र लिहिलं नाही. चारदा लिहायला बसले. काय लिहावं ते कळेना, म्हणून शेवटी उठून आले. वर गावाचं नाव बघून दचकू नकोस. मी, द्वारका आणि गणू परवा मुंब्र्याला उतरलो, बैलगाडीनं शीळला बायजाकडे आलो. राघोला सांगितलं की चार दिवस खानावळीत जेव. बायजाच्या हातची भाकरी खाल्ली. सासूबाई असत्या तर मला घरात घेतलं नसतं. काल बायजाच आम्हाला इकडे घेऊन आली. पाटलांच्या पडवीत उतरलो आहोत, इथूनच लिहिते.

आज सकाळी आवडाबाईकडे गेलो. मी काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. माझ्या नातवासाठी तुझ्या मुलीचा दिवस गेला, हे सांगायचं होतं. तिच्यासमोर बसल्यावर ते जसंच्या तसं सांगितलं. गणूचा दंड दाखवला नाही. तो दाखवायला म्हणूनच त्याला आणलं होतं, पण तिची पोर समोर खेळत होती, गोरीगोमटी आहे, मान एका बाजूला वळवून बघते. मला दाखववेना.

आवडाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मग जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण तुला ते कळायला हवं.

“नातवासाठी गेला त बरा केला. माझा भाऊ असता तरी गेला असता. पयल्या दिवशी आला नाय त्याचा मना राग नाय. तिसऱ्या दिवशी आला, मी दार लावला. लावनारच ना, दिवसभर देवलापाशी बसले व्हते मी, समद्या हसत व्हत्या. पन दार लावून मी मागं उभी व्हते. वाटला, पुन्हा हाक मारल. त्यानं एकदा हाक मारली नि गेला. दुसऱ्यांदा मारली असती त मी उघडला असता.”

त्रिंबक, तू समजत होतास की डोळा आठवा दिवस चुकल्यामुळे गेला. मीही तेच समजत होते, आणि म्हणून सगळा दोष माझ्या माथ्यावर घेऊन आले होते. ती तसं म्हणत नाही. काचेवरची ती लस तिच्या पोरीला धरली असती की नसती, ते तुलाही सांगता यायचं नाही. पण ती दाराच्या मागं उभी होती.

तिला भाद्रपदात मुलगा झाला आहे. त्याला टोचून घेशील का, असं मी विचारलं. बघू म्हणाली. मी संध्याकाळी पुन्हा विचारलं. तेव्हाही बघू म्हणाली. उद्या निघण्याआधी आणखी एकदा विचारणार आहे. मला आता लाज वाटत नाही.

विमलाबाई बऱ्या आहेत. आम्ही निघताना गणूला त्यांनी पहिल्यांदा उचलून घेतलं.

आक्का


कल्याण, ता. १२ डिसेंबर १८८३

तीर्थरूप आक्कास त्रिंबकचा नमस्कार.

तुझं पत्र दोन दिवस खिशात ठेवून फिरलो. हंगाम सुरू झाला आहे. शीळची मुलं गेल्या गुरुवारी टोचली. उद्या तिथला आठवा दिवस, आणि दुपारी काटई. काळुराम पाटलांना भेटून दिवस सांगितला. ते म्हणाले, या वेळी मी कोणाला देवळापाशी बसवणार नाही, तुम्ही आल्यावर बघू. बरोबर आहे त्यांचं.

आवडाबाईच्या दारात मी शुक्रवारपासून रोज जातो. पहिल्या दिवशी तिनं मला बघून दार लावलं. मी बाहेरून सांगितलं, थांबलो, पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा शेजारच्या बायका हसायला लागल्या, आणि मला पाय उचलून निघून जावंसं फार वाटलं. चौथ्यांदा मारली. दार उघडलं नाही. शनिवारी उघडलं, नाही म्हणाली. रविवारी नाही म्हणाली. सोमवारी तिनं मला पडवीत बसू दिलं. तीच मुलगी येऊन मान एका बाजूला वळवून माझी पेटी उघडून बघू लागली, तिला मी रिकामी काच खेळायला दिली. आवडाबाईनं मला मुलगी दाखवून काही म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

काल मी पोचलो तेव्हा ती मुलाला तेल लावत होती. मी उंबऱ्याबाहेरून म्हणालो की गुरुवारी दुपारी येतो, बायजा आणि तिची बहीण आपलं मूल घेऊन माझ्याबरोबर असतील. ती म्हणाली, “नाय आलास त?” मी म्हणालो, न आलो तर पुन्हा कधी दार उघडू नको. तिनं आतून तांब्याभर पाणी आणून ठेवलं, मी प्यायलो.

अजून हो म्हणालेली नाही. मी आज संध्याकाळी परत जाऊन विचारतो आहे.

त्रिंबक